तुर्कस्तानातलं स्वयंपाकघर आणि घरसामान: तुर्की शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इझमिरमध्ये मी काही वर्षं संसार केला. तिथे शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन जाणारी मराठी माणसं मला त्याच त्याच गोष्टी विचारतात. व्याकरण पुढे होईलच, पण पहिल्या संध्याकाळी घरात मीठ, पीठ आणि साबण हवा असतो. म्हणून इथे फक्त खाण्यापिण्याचे आणि घरातले शब्द घेतले आहेत.

पहिल्या दिवशी दुकानात कोणते शब्द लागतात?

पावाला तुर्कीत ‘एकमेक’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द एकदा ऐकला की पुरे, तो विसरत नाही. पाणी म्हणजे ‘सु’, दूध ‘स्युत’, मीठ ‘तुझ’, साखर ‘शेकेर’, अंडं ‘युमुर्ता’, पीठ ‘उन’, तेल किंवा चरबी ‘या’ (जरा लांबवून), कांदा ‘सोआन’, लसूण ‘सारिमसाक’, बटाटे ‘पातातेस’, टोमॅटो ‘दोमातेस’. चहा म्हणजे ‘चाय’, तो शिकावा लागत नाही.

याबरोबर ‘वार’ आणि ‘योक’ हे दोन शब्द पाठ करा. ‘वार’ म्हणजे आहे, ‘योक’ म्हणजे नाही. ‘स्युत वार मि?’ म्हणजे दूध आहे का. दुकानदार ‘योक’ म्हणाला की पुढच्या दुकानात जायचं. अर्धा महिना एवढ्यावर निघतो.

उच्चार कसे करायचे? पाकिटावर लिहिलेलं वाचता का येत नाही?

तुर्की १९२८ पासून रोमन लिपीत लिहितात, त्याआधी अरबी लिपी होती. अक्षरं ओळखीची दिसतात आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचायला जातो, घोटाळा तिथेच होतो. साधा ‘सी’ म्हणजे ज. खाली शेपटी असलेला ‘सी’ म्हणजे च. शेपटीचा ‘एस’ म्हणजे श. डोक्यावर वाटी असलेला ‘जी’ स्वतः उच्चारतच नाहीत, आधीचा स्वर थोडा लांबवतात. म्हणून कांदा लिहिताना त्यात ‘जी’ दिसतो आणि बोलताना ‘सोआन’ ऐकू येतं.

मराठी माणसासाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन आहेत, ‘चहा’तला वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, ‘जीवन’मधला वेगळा आणि ‘जाळं’मधला वेगळा. तुर्कीत कायम ‘चहा’तला च आणि ‘जीवन’मधला ज. ट आणि ड नाहीत, त आणि द वर सगळं चालतं.

ठिपका नसलेला ‘आय’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ओठ न ताणता, जीभ मागे घेऊन म्हटलेला अ आणि इ यांच्यामधला स्वर आहे तो. या पानावर मी तो ‘इ’ने दाखवला आहे, कारण देवनागरीत त्याला घर नाही. ‘सारिमसाक’मधला इ आणि ‘काशिक’ (चमचा) मधला इ तसाच आहे. ‘स्युत’मधल्या स्वरासाठी ओठ ‘उ’सारखे गोल करा आणि आतून ‘ई’ म्हणा. दोन-चार दिवस आरशासमोर केलं की जमतं.

तुर्की आणि मराठीत एवढे शब्द सारखे कसे? ते तुर्कांनी आपल्याकडे आणले का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर मला मनापासून आवडतं.

बहुतेक सारखे शब्द मुळात तुर्कीही नाहीत आणि मराठीही नाहीत. ते फारसी आणि अरबी आहेत. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सेल्जुक आणि नंतर ऑटोमन दरबारांवर फारसीची मोठी छाप होती. इकडे दख्खनमध्ये १३४७ साली बहामनी राज्य आलं, पुढे आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही आली, आणि कारभाराची भाषा फारसी राहिली. दोन दूरच्या घरांनी एकाच दुकानातून सामान भरावं तसं झालं. त्यांनी ‘पेर्दे’ घेतला, आपण पडदा घेतला. त्यांनी ‘तेराझि’, आपण तराजू. त्यांनी ‘शेर्बेत’, आपण सरबत. त्यांनी ‘सिर्के’, आपण शिरका. ‘शाल’ दोघांकडे शालच आहे. ‘पाझार’ म्हणजे बाजार, ‘द्युक्क्यान’ म्हणजे दुकान, ‘सांदिक’ म्हणजे संदूक, ‘हाशहाश’ म्हणजे खसखस.

यातला माझा सर्वात लाडका शब्द ‘मुत्फाक’, म्हणजे स्वयंपाकघर. मूळ अरबी शब्द मतबख, जिथे शिजवतात ती जागा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या शाही स्वयंपाकघराला ‘मातबाह-इ आमिरे’ म्हणत. आणि शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांची यादी काढून पाहा, त्यात मुतबखखाना किंवा मुदबखखाना आहे. तोच पुढे मराठीत मुदपाकखाना झाला. ‘पाक’ हा आपला शब्द त्यात कानाला इतका चपखल बसला की तो बाहेरून आला असेल असं कुणाला वाटतही नाही. इझमिरमधल्या घरमालकीणबाईंनी मला पहिल्यांदा घर दाखवताना ‘मुत्फाक’ म्हणून दार उघडलं, तेव्हा मला ऐतिहासिक कादंबरीतला मुदपाकखाना आठवला.

दुसरा असाच ‘बाक्काल’, गल्लीतला किराणा दुकानदार. आपल्या जुन्या कागदपत्रांत वाणी-बकाल ही जोडी नेहमी भेटते, तोच हा बकाल. आज आपण बकाल म्हणतो ते अस्ताव्यस्त, गलिच्छ वस्तीला. तुर्कस्तानात मात्र तो अजून कोपऱ्यावर पाव आणि अंडी विकतो आहे.

खरोखर तुर्की मुळाचे मानले जाणारे शब्दही मराठीत आहेत, पण थोडे. खिमा हा ‘कियमाक’ म्हणजे बारीक चिरणे या तुर्की धातूकडे जातो, आजही तुर्कस्तानात खिम्याला ‘कियमा’ म्हणतात. कुर्मा हा ‘कावुर्मा’, म्हणजे परतलेलं. गारगोटीची चकमक म्हणजे तुर्की ‘चाकमाक’, तिथे आज तो लायटरचा शब्द आहे, दुकानात मेणबत्तीबरोबर मागायला उपयोगी. चाकूचा नातेवाईक ‘चाकि’, खिशातला घडीचा सुरा. कैचीही तुर्की घराण्यातली, पण तुर्कस्तानात कात्रीला ‘माकास’ म्हणतात. कैचीचं जुनं रूप अझरबैजानमध्ये टिकून आहे.

शिवाय शेवटचा ‘ची’. तोपची, मशालची, नगारची यातला ची हा तुर्कीत रोजच्या वापरात आहे. ‘स्युतच्यु’ दूधवाला, ‘चायजि’ चहावाला, ‘एकमेकचि’ पाववाला. हा प्रत्यय समजला की बाजारातल्या निम्म्या पाट्या आपोआप उलगडतात.

तुर्कस्ताननं परकीय शब्द काढून टाकले होते ना? मग हे कसे उरले?

काढले, आणि फार निष्ठेनं काढले. १९३२ मध्ये तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांनी भाषेची संस्था स्थापन केली आणि शाळा, न्यायालय, सरकार यांतले हजारो अरबी-फारसी शब्द बदलले गेले. आपल्याला हे नवं नाही. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात यवनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि खाण्यापिण्याच्या, उपभोगाच्या वस्तूंसाठी ‘भोग्यवर्ग’ असा स्वतंत्र भागही ठेवला. दोन्हीकडे दरबारातले शब्द बरेच बदलले. पण आईनं ज्याला ‘चोर्बा’ म्हटलं त्याला मुलगी ‘चोर्बा’च म्हणते. चोर्बा म्हणजे सूप, आपला शोरबा.

सारखे वाटणारे पण फसवणारे शब्द कोणते?

हा भाग नीट वाचा, कारण ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त चुकवतो.

‘कार्पुझ’ हे खरबुजाचंच रूप, पण तुर्कस्तानात कार्पुझ म्हणजे कलिंगड. आपलं खरबूज हवं असेल तर ‘कावुन’ मागा.

‘किश्निश’ ऐकून किसमिस वाटतं. ते धणे आहेत. मी पहिल्या दिवाळीत लाडवांसाठी पाव किलो किश्निश आणले आणि पिशवी उघडल्यावर घरभर धण्याचा वास सुटला. बेदाण्यांना ‘कुरु युझ्युम’ म्हणतात, म्हणजे शब्दशः वाळलेली द्राक्षं.

‘शिरा’ या नावाचं पेय मिळतं. तो द्राक्षांचा गोड रस, किंचित आंबवलेला असतो. बुर्सामध्ये इस्केंदर कबाबबरोबर पितात. आपला शिरा हवा असेल तर ‘इरमिक हेल्वासि’ मागा. इरमिक म्हणजे रवा. तूप-लोण्यात भाजलेला रवा, साखर, दूध, वर पाइनच्या बिया. सत्यनारायणाच्या प्रसादाची आठवण होते. मात्र एक लक्षात ठेवा, तिथे कुणी वारलं की घरात हलवा करून शेजारीपाजारी वाटायची पद्धत आहे. शेजारणीनं दारात येऊन हलव्याची वाटी दिली तर लगेच ‘काय आनंदाची बातमी?’ असं विचारू नका. आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहा.

‘पिरिंच’ म्हणजे तांदूळ, आणि पितळही. दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन बसले आहेत. ‘पास्ता’ म्हणजे क्रीमचा केक. आपण ज्याला पास्ता म्हणतो ते ‘माकार्ना’. ‘बाल’ म्हणजे मध. ‘दाना’ म्हणजे वासराचं मांस, त्यामुळे दाणे समजून ते पाकीट उचलू नका. शेंगदाणे म्हणजे ‘येर फिस्ति’, जमिनीतला पिस्ता. आपल्या दाण्याचा खरा भाऊ ‘ताने’ आहे. तो फारसी दाना, पण तुर्कीत त्याचा अर्थ ‘नग’ झाला. ‘इकि ताने’ म्हणजे दोन नग.

‘माश’ हे आणखी एक. संस्कृतात माष म्हणजे उडीद, तुर्कीत माश म्हणजे मूग. उडदाची डाळ नेहमीच्या दुकानात बहुधा मिळत नाही, तेव्हा इडलीसाठी माश आणलात तर निराशा पदरी येईल.

लहान मुलं बरोबर असतील तर हेही सांगते. तुर्कीत ‘मामा’ म्हणजे बाळाचं खाणं, आपलं मम्मं. आणि ‘काका’ म्हणजे बाळाच्या भाषेत शी. मुलानं बसमध्ये मोठ्यानं काकांना हाक मारली तर आजूबाजूच्या आज्या मदतीला धावतील.

पेयनिर म्हणजे पनीरच ना?

शब्द तोच, वस्तू वेगळी. तुर्कस्तानात ‘पेयनिर’ हा सगळ्या चीजसाठीचा शब्द आहे. नुसतं पेयनिर मागितलं तर ‘बेयाझ पेयनिर’ मिळतं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पांढरं, खारट चीज. न्याहारीला उत्तम, पालक पनीरला अजिबात नाही, भाजी खारट होऊन जाते. बिनमिठाचं ‘लोर’ मिळतं, ते चुऱ्यासारखं असतं, भुर्जीला किंवा सारणाला चालतं. पनीरच हवं असेल तर दूध आणून लिंबू पिळून घरी करणं उत्तम.

दही, ताक, चक्का, तूप यांना काय म्हणतात?

दही म्हणजे ‘योउर्त’. जगभर गेलेला हा शब्द मूळचा तुर्कीच. ताकाच्या जवळचं ‘आयरान’, मीठ घातलेलं, आपल्या ताकापेक्षा दाट, जिरं-हिंग नसलेलं. उन्हाळ्यात जेवणाबरोबर सगळे पितात.

आता श्रीखंडासाठी कान टवकारा. ‘स्युझ्मे योउर्त’ म्हणजे गाळलेलं, टांगलेलं दही. म्हणजे तयार चक्का! फडक्यात बांधून नळाला लटकवायचं काम वाचलं. आणा, साखर फेटा, केशर-वेलची घाला. केशराला ‘साफ्रान’, वेलचीला ‘काकुले’. गुढीपाडव्याला तुर्की मैत्रिणींना मी हे खाऊ घातलं तेव्हा त्यांना कोडं पडलं, कारण त्यांच्याकडे हे दही मीठ-लसूण घालून खातात.

लोणी म्हणजे ‘तेरेयाई’. तूप कढवायचं असेल तर ‘तुझसुझ’ म्हणजे बिनमिठाचं लोणी घ्या. तयार तुपासारखं ‘सादे या’ काही दुकानांत मिळतं. सायीसाठी ‘कायमाक’ हा शब्द आहे, आणि म्हशीच्या दुधाचा कायमाक मधाबरोबर एकदा तरी खायला हवा.

डाळी आणि पिठं कोणत्या नावानं मागायची?

मसूर डाळ सर्वत्र, ‘किर्मिझि मेर्जिमेक’, म्हणजे लाल मसूर. पिवळी ‘सारि मेर्जिमेक’ही मिळते, तीही मसूरच आहे, तूर नाही. वरणाला मात्र ती बरी लागते. काबुली चणे ‘नोहुत’, चवळी ‘ब्योर्युल्जे’, राजम्याच्या जवळचं ‘बार्बुन्या’. पांढऱ्या घेवड्याची उसळ म्हणजे ‘कुरु फासुल्ये’, तिथलं घराघरातलं आवडतं जेवण, भाताबरोबर. आपल्याकडे वरणभाताचं जे स्थान, तेच तिथे याचं आहे.

पीठ म्हणजे ‘उन’, पण साधा उन हा मैद्यासारखा असतो. पोळीसाठी ‘ताम बुउदाय उनु’, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ. पहिल्यांदा पोळ्या ताणल्या की रबरासारख्या होतात, कणीक जास्त वेळ झाकून ठेवा आणि पाणी थोडं वाढवा. बेसनाला ‘नोहुत उनु’. ते काबुली चण्याचं असतं, भजी होतात, लाडवाला मात्र चव जरा वेगळी येते. तांदळाचं पीठ ‘पिरिंच उनु’, मक्याचं ‘मिसिर उनु’. मिसिर म्हणजे इजिप्त, मक्याला त्यांनी त्या देशाचंच नाव देऊन टाकलं आहे.

मसाले?

जिरं ‘किम्योन’, ते बहुधा पूड करूनच मिळतं, अख्खं हवं तर ‘ताने किम्योन’. हळद ‘झेर्देचाल’. दालचिनी ‘तार्चिन’, दोन्ही शब्द ‘चिनी लाकूड’ या फारसी अर्थाचेच. लवंग ‘कारानफिल’, मिरी ‘काराबिबेर’, कलौंजी ‘च्योरेक ओतु’, तीळ ‘सुसाम’, आलं ‘झेंजेफिल’. लाल तिखटाऐवजी ‘पुल बिबेर’ म्हणजे मिरचीचा जाडसर चुरा असतो, सौम्य आणि तेलकट. कढीपत्ता आणि हिंग पिशवीत बांधून न्या. कोथिंबीर कुठे कुठे मिळते, पण दिसायला तशीच असणारी ‘मायदानोझ’ ही पार्स्ली आहे. जुडी उचलण्याआधी वास घ्या.

मी शाकाहारी आहे. नेमकं काय म्हणू?

‘एत येमियोरुम’ म्हणजे मी मांस खात नाही. हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. बोलीत ‘एत’ म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यासमोर बकरा किंवा गाय येते, कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून पुढे जोडा: ‘तावुक दा, बालिक दा’, म्हणजे कोंबडीही, मासेही.

खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या पाण्याची असते. भात आणि मसुराचं सूप पुष्कळ ठिकाणी कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यात शिजवतात. विचारायचा प्रश्न हा: ‘इचिंदे तावुक सुयु वार मि?’ यात कोंबडीचं पाणी आहे का? ‘एत सुयु’ म्हणजे मांसाचं पाणी. हा प्रश्न विचारल्यावर कुणी वैतागलेलं मी पाहिलं नाही. उलट आतून आचाऱ्याला बोलावून खात्री करून देतात.

पदार्थांची नावं कळली की निवड सोपी होते. ‘झेयतिनयालि’ या नावाखाली येणाऱ्या भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात, आणि त्यात सहसा मांस नसतं. फरसबी, भेंडी (‘बाम्या’), द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या सगळं त्यात येतं. ‘इमाम बायिल्दि’ म्हणजे कांदा-टोमॅटो भरलेलं वांगं, मांस नाही. शेजारीच तसंच दिसणारं ‘कार्नियारिक’ असतं, त्यात खिमा भरलेला असतो. नाव नीट वाचा. ‘ग्योझ्लेमे’ ही पातळ पोळी चीज, पालक किंवा बटाटा भरून मिळते. बाजाराच्या दिवशी बायका समोर लाटून भाजून देतात. ‘चि क्योफ्ते’ या नावाचा अर्थ कच्च्या मांसाचे गोळे असा आहे, म्हणून शाकाहारी माणसं घाबरून पुढे जातात. दुकानांतून विकलं जाणारं चि क्योफ्ते मात्र बिनमांसाचं, गव्हाच्या दलियाचं आणि मिरचीच्या लगद्याचं असतं, डाळिंबाच्या आंबट रसाबरोबर पातळ रोटीत गुंडाळून देतात. माझ्या मते तुर्कस्तानात शाकाहारी माणसाचं ते सर्वात चविष्ट आणि स्वस्त जेवण आहे.

दोन प्रत्यय कामाचे आहेत. ‘-सिझ’ म्हणजे शिवाय, ‘-लि’ म्हणजे सहित. एतसिझ, बिनमांसाचं. शेकेरसिझ, बिनसाखरेचं. युमुर्तासिझ, बिनअंड्याचं. सोआनसिझ, बिनकांद्याचं. पेयनिरलि, चीज घातलेलं. स्युतल्यु, दुधाचं. आधीच्या स्वराप्रमाणे सिझचं सुझ, स्युझ होतं. चुकलात तरी समजतात.

भांड्यांची नावं सांगा. पोळीचा तवा मिळतो का?

‘तावा’ मागितलात तर काठ आणि दांडा असलेली फ्राइंग पॅन मिळेल. शब्द आपलाच, पण तिथे त्यात मासे आणि वांगी तळतात. पोळीच्या तव्याच्या जवळचा आहे ‘साज’, लोखंडी, मधोमध फुगीर पत्रा. घरगुती लहान साज लोखंडी सामानाच्या दुकानात मिळतो. नाहीतर ‘क्रेप तावासि’ म्हणजे धिरड्याचा सपाट तवा घ्या.

लाटणं असंच. ‘ओक्लावा’ ही काठीसारखी लांब, बारीक असते, हातभर पातळ पोळी लाटायला. ‘मेर्दाने’ जाड रुळासारखं. आपलं मधे फुगीर लाटणं कुठेच नाही. घरून न्या, हलकं असतं. पोळपाटाचं काम ओट्यावर भागतं.

‘काशिक’ चमचा, ‘चाताल’ काटा, ‘बिचाक’ सुरी, ‘तेंजेरे’ पातेलं, ‘बार्दाक’ पेला, ‘स्युझ्गेच’ गाळणं, ‘तेप्सि’ तबकासारखं ताट. मजा अशी की ‘तबक’ हाच अरबी शब्द तुर्कीत ‘ताबाक’ होऊन रोजची जेवायची ताटली झाला, आणि आपल्याकडे मात्र तो ओवाळणीसाठी, विड्यासाठी मानानं बाजूला ठेवला गेला. बाटलीला ‘शिशे’, आपली शिशी. सुरईला ‘स्युराहि’, टेबलावरचा पाण्याचा जग. आणि ‘रेंदे’! सुताराच्या रंध्याचा हाच शब्द. तुर्कीत रंध्यालाही रेंदे म्हणतात आणि खिसणीलाही. गाजर आणि फळी दोन्हींचं साल तेच काढतं.

फ्रीज, चादर, साबण वगैरे?

कपाट म्हणजे ‘दोलाप’, बर्फ म्हणजे ‘बुझ’, म्हणून फ्रीज म्हणजे ‘बुझदोलाबि’, बर्फाचं कपाट. साबण ‘साबुन’. पलंगपोस ‘चार्शाफ’, त्यात फारसी चादर आणि शब म्हणजे रात्र लपले आहेत, रात्रीची चादर. उशी ‘यास्तिक’, रजई ‘योर्गान’, टॉवेल ‘हावलु’, आरसा ‘आयना’, केरसुणी ‘स्युप्युर्गे’, बादली ‘कोवा’, सुई ‘इऽने’, किल्ली ‘आनाहतार’, कुलूप ‘किलित’, इस्त्री ‘युत्यु’, बल्ब ‘आम्पुल’, कचरा ‘च्योप’.

घरात घालायच्या सपाता म्हणजे ‘तेर्लिक’. त्या दोन-चार जोड जास्तीच्या ठेवा. तिथेही चपला-बूट दाराशी काढतात आणि पाहुण्याला सपाता पुढे करतात. पिण्याच्या पाण्याचा १९ लिटरचा मोठा बुधला म्हणजे ‘दामाजाना’, फोनवर सांगितलं की घरपोच आणतात.

बाजारात माप आणि भाव कसा बोलायचा?

‘किलो’ आणि ‘ग्राम’ तेच. अर्धा किलो ‘यारिम किलो’. जुडीला ‘देमेत’. ‘ने कादार?’ म्हणजे केवढ्याला. आकड्यानंतर अनेकवचन करायचं नाही: ‘इकि एल्मा’, दोन सफरचंद. भाजीवाला म्हणजे ‘मानाव’. गल्लोगल्ली आठवड्याचा बाजार भरतो, तिथलं सगळं ताजं असतं. मोठ्या दुकानात पैसे देताना ‘पोशेत?’ असं विचारतात, म्हणजे पिशवी हवी का. २०१९ पासून प्लॅस्टिक पिशवीचे पैसे लागतात, म्हणून घरची पिशवी न्या.

भारताचं नाव असलेले शब्द आहेत म्हणे?

आहेत, आणि ऐकताना फार बरं वाटतं. नारळ म्हणजे ‘हिंदिस्तान जेविझि’, हिंदुस्तानचा अक्रोड. चिंच ‘देमिरहिंदि’, अरबीतला हिंदी खजूर. एरंडेल ‘हिंत याइ’, हिंदी तेल. टर्की नावाच्या पक्ष्याला इंग्रज तुर्कस्तानचा समजले, आणि तुर्क त्याला ‘हिंदि’ म्हणतात. तो पक्षी खरा अमेरिकेतला. दुर्मीळ, नखरेल गोष्टीला ‘बुलुनमाझ हिंत कुमाशि’ म्हणतात, न मिळणारं हिंदी कापड. आपल्या विणकरांची ती पोचपावती आहे.

आणि अननस म्हणजे ‘आनानास’, काजू म्हणजे ‘काजु’. हे शब्द फारसीतले नाहीत, ते दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून निघाले आणि गोव्याच्या किनाऱ्यानं आपल्याकडे आले. संत्र्याला तर ते ‘पोर्ताकाल’ म्हणतात, थेट पोर्तुगालचंच नाव.

दुधाचा चहा मिळेल का?

‘स्युतल्यु चाय’ म्हणून मागू शकता, पण समोरचा दोनदा विचारेल. तिथला चहा काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागातला, बिनदुधाचा, कमरेत बारीक काचेच्या पेल्यात. ‘चायदान्लिक’ म्हणजे एकावर एक दोन किटल्या, खाली उकळतं पाणी, वर मुरणारी पत्ती. या शब्दात आपल्या अत्तरदाणीतली दाणी आहे आणि वर त्याच अर्थाचा तुर्की प्रत्ययही लावला आहे. फिक्का हवा तर ‘आचिक’, कडक हवा तर ‘कोयु’ म्हणा. घरी उकळी काढून आल्याचा चहा करा आणि शेजारणीला बोलवा, ओळख वाढवायला याहून चांगला मार्ग मला सापडला नाही. न्याहारीला ‘काहवाल्ति’ म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचं, पण पितात मात्र चहाच.

जेवण झाल्यावर काय म्हणायचं?

ज्यानं रांधलं त्याला ‘एलिनिझे साअलिक’, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. हे न म्हणता उठू नका. आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो, तीच भावना, फक्त आशीर्वाद थेट हातांना. उत्तर येईल ‘आफियेत ओल्सुन’, अंगी लागो.

फोडणीला तुर्की शब्द आहे का?

नेमका एक नाही. मोहरी तडतडवणं, हिंग, कढीपत्ता हे सगळं एका शब्दात सांगता येत नाही, करूनच दाखवावं लागतं. पण मसुराचं सूप वाढायच्या आधी तिथल्या बायका कढल्यात लोणी तापवतात, त्यात पुल बिबेर आणि वाळलेला पुदिना टाकतात, आणि तो चर्र आवाज करत सुपावर ओततात. याला ‘या याकमाक’ म्हणतात, तेल जाळणं. मी वरणाला फोडणी देताना माझ्या घरमालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. आवाज झाला तशा म्हणाल्या, ‘या याक्तिन’, तू तेल जाळलंस. मी हो म्हटलं आणि त्यांना ताट वाढलं.